थेलोनियस मंक ऐकायचाय, पण सुरुवात कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा मंक नक्की कोण? थोडक्यात सांगा.

थेलोनियस स्फिअर मंक, अमेरिकन जॅझ पियानिस्ट आणि कंपोझर. जन्म 10 ऑक्टोबर 1917, नॉर्थ कॅरोलिनातलं रॉकी माउंट नावाचं गाव, 1922 मधे आई पोरांना घेऊन न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनच्या वेस्ट 63 व्या स्ट्रीटवर बिऱ्हाड केलं, आणि तो पत्ता मंकने पुढे कित्येक दशकं सोडला नाही, नाव झालं, पैसे आले तरी. त्या गल्लीबोळात स्ट्राइड पियानोवाले राहायचे, स्ट्राइड म्हणजे डावा हात खालून वर उड्या मारत ठेका धरतो आणि उजवा वर नक्षीकाम करतो तो प्रकार, तो त्याच्या कानात तिथेच बसला. शाळा अर्धवट सोडली, विशीच्या आत असताना एका फिरत्या धर्मप्रचारक बाईच्या ताफ्यात पियानो वाजवत अमेरिका हिंडला. गेला 17 फेब्रुवारी 1982 ला.

आणि एवढ्या सगळ्या आयुष्यात लिहिलेल्या ट्यून्स किती, तर साधारण 70. जॅझचा बँडलीडर आणि कंपोझर ड्यूक एलिंग्टनच्या ढिगापुढे हे काहीच नाही, पण एलिंग्टनच्या खालोखाल सगळ्यात जास्त रेकॉर्ड झालेला जॅझ कंपोझर म्हणून मंकचंच नाव घेतात. थोड्याच ट्यून्स होत्या आणि त्याच त्याच तो तीस वर्षं परत परत वाजवत, रेकॉर्ड करत राहिला. त्यामुळे मंक ऐकायची माझ्या मते एकच नीट पद्धत आहे, अल्बम मोजत बसू नका, एक ट्यून पकडा आणि ती सालागणिक कशी बदलते ते ऐका. पुढची बहुतेक उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

तो चुकीचे सूर वाजवतो का? खरं सांगा, मला तसंच ऐकू येतं.

सगळ्यांना पहिल्यांदा तसंच ऐकू येतं, लाजायचं काही नाही. 1940 च्या दशकात न्यूयॉर्कमधले पोटापाण्याचे पियानिस्टसुद्धा म्हणायचे की याला वाजवता येत नाही.

पण आता हे करून बघा. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीचं 1947 चं 'रूबी, माय डिअर' ऐका, मग 1959 चं सोलो, सॅन फ्रान्सिस्कोला रेकॉर्ड केलेलं तेच ऐका. मधे बारा वर्षं गेलीत, लेबल वेगळं, हॉल वेगळा, आणि जो सूर तुम्हाला आधी 'घसरला' वाटला होता तो परत त्याच जागेवर येतो. चूक बारा वर्षं त्याच जागी टिकत नाही हो.

तो काय करतो ते जरा जवळून बघूया. शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो आणि लगेच त्यातली एक सोडून देतो, दुसरी वाजत राहते, त्यामुळे सूर वाकल्यासारखा होतो. पियानोवर मींड घेता येत नाही ही पेटीसारखीच अडचण आहे, पेटीवाल्यांना हे दुखणं सांगायला नको, आणि मंकने त्यावर काढलेला हा तोडगा आहे, दोन पट्ट्यांच्या मधला जो सूर वाद्यात नाहीच तो कानाला भासवायचा. शिवाय बोटं गोल न ठेवता सपाट ठेवून वाजवायचा, कुठल्याही क्लासमधे मास्तरांनी हातावर पट्टी मारली असती, पण तो टणक टोला त्यातूनच येतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे गप्प बसणं. एक कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक सूर) मारून चार-सहा मात्रा काहीच नाही, बेस आणि ड्रम चालूच, आणि मग नको तिथे एक टोला.

तालाचं काय? मला सम सापडत नाही.

'स्ट्रेट, नो चेसर' घ्या, 1951. साधा ब्लूज आहे, 12 बारचं आवर्तन, बारमधे चार मात्रा म्हणजे 48 मात्रांचा एक फेरा. चाल जवळजवळ एकाच छोट्या तुकड्याची आहे, पण तो तुकडा दरवेळी वेगळ्या मात्रेवरून उठतो, कधी शेपूट लांबवलेलं, कधी छाटलेलं, त्यामुळे तोच तुकडा वेगळा वाटतो. बोटावर मात्रा मोजत ऐका, अगदी तबल्याच्या बैठकीत मोजतात तशा, बेसवर लक्ष ठेवा पियानोवर नको, आणि फेरा संपताना सगळे बरोबर जागेवर येतात ते दिसेल. हरवतो तो ऐकणारा, वाजवणारे नाही.

बीबॉप, म्हणजे 1940 च्या दशकातला जॅझचा नवा प्रकार, मंकने सुरू केला म्हणतात, मग नाव सॅक्सवाल्या चार्ली पार्करचं आणि ट्रंपेटवाल्या डिझी गिलेस्पीचं का?

1940 च्या सुरुवातीला हार्लेममधे 118 व्या स्ट्रीटवर मिंटन्स प्लेहाउस नावाच्या क्लबात मंक नोकरीला होता, हाउस पियानिस्ट. ड्रमवर केनी क्लार्क. रात्री उशिरा दुसरीकडचं काम संपवून लोक तिथे जॅमला, म्हणजे आयत्या वेळी मिळून वाजवायला, यायचे, गिलेस्पी, गिटारवाला चार्ली ख्रिश्चन, पुढे पार्कर. त्या कॉर्ड्सची बरीचशी घडण मंकच्या पियानोवर झाली हे तेव्हाच्या लोकांनीच सांगून ठेवलंय. पण बीबॉप म्हणजे लोकांना आठवतो तो वेग, आणि मंकला वेगात फारसा रस नव्हता. तो मधल्या लयीत निवांत चालायचा. शिवाय 1944 मधे सॅक्सवाल्या कोलमन हॉकिन्सबरोबर एक रेकॉर्डिंग सोडलं तर स्टुडिओत त्याला कोणी बोलावलंच नाही, स्वतःच्या नावाने पहिलं सेशन झालं ते 15 ऑक्टोबर 1947 ला, म्हणजे वयाची तिशी पूर्ण झाल्यावर. तोवर बाकीचे स्टार झालेले.

ब्लू नोटची रेकॉर्डिंग्ज घ्यावीत का? आवाज जुनाट आहे म्हणे.

घ्यावीत, आणि सगळ्यात आधी घ्यावीत. 1947 ते 1952 या काळातली आहेत, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीसाठी केलेली म्हणून एकेक ट्यून तीन मिनिटांच्या आसपास, आणि 'जीनियस ऑफ मॉडर्न म्युझिक' या नावाखाली नंतर एलपीवर एकत्र आली. 'राउंड मिडनाइट', 'वेल यू नीडन्ट', 'ऑफ मायनर', 'एपिस्ट्रोफी', 'मिस्टेरिओसो', 'क्रिस क्रॉस', म्हणजे पुढे आयुष्यभर जे वाजवलं त्यातला अर्धाअधिक ऐवज इथेच आहे. तेव्हा खपली नाहीत. 'मिस्टेरिओसो'त मिल्ट जॅक्सनच्या व्हायब्राफोनबरोबर चाल जिना चढल्यासारखी एकेक पायरी वर जाते आणि शेवटी नक्की कुठे पोचलो ते कळतच नाही, तीन-साडेतीन मिनिटांत एवढं कोणी केलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

1951 ते 1957 तो न्यूयॉर्कमधे वाजवत का नव्हता?

कॅबरे कार्ड. न्यूयॉर्कमधे जिथे दारू मिळते अशा क्लबात वाजवायचं तर पोलिसांचं कार्ड लागायचं, बोटांचे ठसे देऊन मिळायचं. 1951 मधे मंक आणि त्याचा मित्र पियानिस्ट बड पॉवेल गाडीत बसलेले असताना पोलिसांनी धरलं, ड्रग सापडलं. मंकने मित्राचं नाव सांगितलं नाही, 60 दिवस तुरुंगात गेला आणि कार्ड गेलं ते गेलंच. ज्या शहरात जॅझचा सगळा धंदा त्याच शहरात सहा वर्षं क्लब बंद. बायको नेली शिवणकाम वगैरे करून घर चालवत होती. तो घरी बसून लिहीत होता, अधूनमधून रेकॉर्ड करत होता.

त्या काळातलं प्रेस्टिज लेबलचं काम तुटक आहे पण 24 डिसेंबर 1954 चं माइल्स डेव्हिसबरोबरचं सेशन सोडू नका. माइल्सने सांगितलं की माझ्या सोलोमागे तू वाजवू नकोस, आणि टेपवर तो ताण खरंच ऐकू येतो. 'द मॅन आय लव्ह'च्या एका टेकमधे मंक सोलोच्या मधेच थांबतो, शांतता, मग माइल्स ट्रंपेट फुंकून त्याला जागं केल्यासारखं करतो. आणि त्याच दिवशीचं 'बॅग्ज ग्रूव्ह', त्यातला मंकचा सोलो म्हणजे मोजके सूर घेऊन केवढी मोठी गोष्ट बांधता येते त्याचा नमुना.

रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीने त्याला 108 डॉलरला विकत घेतलं हे खरं का?

जवळजवळ. प्रेस्टिजकडे त्याची आगाऊ रक्कम फिटायची होती, 108 डॉलर 27 सेंट, ती 1955 मधे फेडली आणि मंक रिव्हरसाइडकडे आला. प्रोड्यूसर ऑरिन कीपन्यूज. त्यांनी आधी लोकांची भीती घालवायला एलिंग्टनच्या ट्यून्सचा अल्बम करून घेतला, मग स्टँडर्ड्सचा, म्हणजे सगळेच वाजवतात अशा जुन्या लोकप्रिय गाण्यांचा, आणि तिसऱ्या खेपेला मोकळं सोडलं. तो तिसरा म्हणजे 'ब्रिलियंट कॉर्नर्स'.

'ब्रिलियंट कॉर्नर्स' एवढा गाजलेला का?

कारण टायटल ट्यून बँडला वाजवताच आली नाही! ऑक्टोबर 1956, सॅक्सवर सनी रोलिन्स आणि अर्नी हेन्री, बेसवर ऑस्कर पेटिफोर्ड, ड्रमवर मॅक्स रोच, यातला एकही कच्चा माणूस नाही. पण ट्यून 22 बारची, नेहमीच्या आठ-आठच्या चौकटीत न बसणारी, आणि एक फेरा ठाय तर पुढचा दुगुनीत, परत ठाय, परत दुगुन. 25 टेक झाले, एकही शेवटपर्यंत धड नाही, शेवटी कीपन्यूजने टेपचे तुकडे जोडून एक पूर्ण ट्यून तयार केली. हेडफोन लावून ऐका, सांधा शोधायचा मोह होतो.

त्याच अल्बमवर 'पॅनोनिका' आहे, स्टुडिओत एक सेलेस्टा पडलेला होता, घंटांसारखा वाजणारा छोटा कीबोर्ड, तो मंकने पियानोच्या बाजूला ओढून घेतला आणि एक हात इकडे एक हात तिकडे.

जाता जाता, यातला सनी रोलिन्स पुढे 1967 च्या सुमारास सगळं सोडून काही महिने मुंबईत पवईच्या आश्रमात योग आणि वेदांत शिकायला येऊन राहिला होता. आता त्या भागातून जाताना ट्रॅफिकमधे अडकलात तर हे आठवा.

पॅनोनिका कोण? प्रेयसी?

मैत्रीण, आश्रयदाती, काय म्हणाल ते. बॅरोनेस पॅनोनिका डी कोनिग्सवॉर्टर, माहेरची रॉथ्सचाइल्ड, जॅझवाल्यांची 'निका'. 1954 मधे पॅरिसला मंकशी ओळख झाली, आणि मग 28 वर्षं, त्याच्या मरणापर्यंत, नेलीच्या बरोबरीने तिने त्याला सांभाळलं. 1958 मधे डेलावेअरमधे प्रवासात पोलिसांनी गाडी थांबवून मंकला मारहाण केली, हातांवर मारलं, पियानिस्टच्या हातांवर, आणि गाडीत सापडलेल्या गांजाची जबाबदारी निकाने स्वतःवर घेतली. तिची शिक्षा पुढे रद्द झाली पण मंकचं कॅबरे कार्ड पुन्हा गेलं.

तिचे वडील चार्ल्स रॉथ्सचाइल्ड बँकर, आणि हौसेने पिसवांचा अभ्यास करायचे. उंदरावरची जी पिसू प्लेग पसरवते तिचं शास्त्रीय वर्णन आणि नामकरण 1903 मधे यांनीच केलं, म्हणजे आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या प्लेगमधे ज्या किड्याने हाहाकार केला तोच. कुठला धागा कुठे जाऊन मिळतो बघा.

कोल्ट्रेन आणि मंक एकत्र, नक्की कुठलं रेकॉर्डिंग?

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. 1957 मधे कार्ड परत मिळालं, आणि फाइव्ह स्पॉट या छोट्याशा क्लबात मंकची चौकडी बसली, सॅक्सवर जॉन कोल्ट्रेन. साधारण सहा महिने, जवळजवळ रोज रात्री. आणि स्टुडिओत रेकॉर्डिंग जवळजवळ नाहीच, कारण कोल्ट्रेन तेव्हा प्रेस्टिजच्या करारात. जी काही मोजकी झाली, 'ट्रिंकल टिंकल', 'नटी' वगैरे, ती रिव्हरसाइडने 1961 मधे बाहेर काढली.

'मंक्स म्युझिक' या 1957 च्या अल्बमवरही कोल्ट्रेन आहे, तिथे 'वेल यू नीडन्ट'मधे मंक मधेच ओरडतो "कोल्ट्रेन! कोल्ट्रेन!", बाकीच्यांची त्रेधा उडते ती रेकॉर्डवर तशीच ठेवलेली आहे. हाच अल्बम सुरू होतो 'अबाइड विथ मी'ने, पियानो नाही, फक्त फुंकवाद्यं, मिनिटभरसुद्धा नाही. म्हणजे आपल्याकडे 29 जानेवारीला बीटिंग रिट्रीटला 2022 च्या आधी वर्षानुवर्षं वाजायचं तेच. चर्चमधलं गाणं, आणि त्याची चाल बांधणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज माणसाचं आडनावही मंक! नातं काही नाही.

आणि मग 2005. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधे जुन्या टेप्स डिजिटल करताना 29 नोव्हेंबर 1957 ची कार्नेगी हॉलची मैफल सापडली, व्हॉइस ऑफ अमेरिकाने रेकॉर्ड केलेली आणि कोणाच्या लक्षात न राहिलेली. आवाज स्वच्छ, चौकडी कित्येक महिन्यांच्या जवळजवळ रोजच्या रियाजाने तापलेली, पियानो चांगला. एकच अल्बम घ्यायचा असेल तर डोळे झाकून हा घ्या, ब्लू नोटने काढलाय.

'राउंड मिडनाइट'चं कुठलं व्हर्जन खरं?

सगळी. पण क्रमाने ऐका, मजा त्यात आहे. 1944 मधे कूटी विल्यम्सच्या बँडने पहिल्यांदा रेकॉर्ड केली (म्हणून क्रेडिटमधे त्याचंही नाव, तेव्हाची बँडवाल्यांची रीत), 1947 मंकची स्वतःची, 1954 पॅरिसला एकट्याने, आणि 1957 चं 'थेलोनियस हिमसेल्फ'.

त्या शेवटच्या सेशनची सुमारे 22 मिनिटांची टेप आहे, पुढच्या रीइश्यूंवर आली, नावच 'इन प्रोग्रेस'. एकटा माणूस स्वतःचीच ट्यून, जी त्याने दहा वर्षांहून जास्त काळ वाजवलीये, ती परत शोधतोय. एक ओळ वाजवतो, थांबतो, एक सूर बदलतो, परत पहिल्यापासून, मधल्या कॉर्डवर अडतो, तोच कॉर्ड जरा वेगळा मांडून बघतो. ज्यांना वाटतं तो जे सुचेल ते बडवायचा त्यांना मी हीच टेप ऐकवतो.

कोलंबियाचे अल्बम लोक का नाकारतात? मला तर आवडले.

आवडू द्या, मलाही आवडतात. 1962 मधे कोलंबियासारख्या बड्या कंपनीने त्याला घेतलं, 'मंक्स ड्रीम' हा पहिला अल्बम, रेकॉर्डिंग उत्तम, पाठोपाठ 28 फेब्रुवारी 1964 च्या 'टाइम' मासिकाच्या कव्हरवर झळकला (ते खरं आधीच्या नोव्हेंबरात येणार होतं, केनेडींच्या हत्येमुळे पुढे गेलं). तक्रार अशी की नव्या ट्यून्स फारशा नाहीत, सगळं जुनंच परत. पण हे म्हणणाऱ्यांनी चार्ली राउझ नीट ऐकलेला नसतो. हा टेनर सॅक्सवाला 1959 ते 1970, अकरा वर्षं, मंकबरोबर होता, आणि मंकच्या रिकाम्या जागांत कसं राहायचं हे त्याच्याइतकं कोणाला कळलं नाही, कोल्ट्रेनलाही नाही असं मी म्हणेन, शिव्या द्या हवं तर.

'सोलो मंक' घ्या, 1965, लहानपणीचा स्ट्राइड तिथे मनसोक्त आहे. 'अंडरग्राउंड' 1968, कव्हरवर मंक खांद्याला बंदूक अडकवून पियानोवर बसलाय आणि मागे बांधलेला नाझी अधिकारी, कव्हरला ग्रॅमी मिळालं, पण आत 'अग्ली ब्यूटी' आहे, त्याने लिहिलेला एकमेव वॉल्ट्झ, म्हणजे तीन-तीन मात्रांची चाल. ऑलिव्हर नेल्सनच्या बिग बँडबरोबरचा 'मंक्स ब्लूज' मात्र सोडलात तरी चालेल. बिग बँडच हवा तर 28 फेब्रुवारी 1959 ची टाउन हॉलची मैफल, हॉल ओव्हरटनबरोबर बसून केलेली अरेंजमेंट, 'लिटल रूटी टूटी'त मंकचा 1952 चा पियानो सोलो अख्खा बँड मिळून वाजवतो.

तो स्टेजवर उठून नाचायचा म्हणे?

हो, दुसऱ्याचा सोलो चालू असताना उठून गोल गोल फिरायचा, कोपरं हलवत. वेड म्हणून लिहिलं गेलं, बँडमधले लोक म्हणायचे लय बरोबर बसली की उठतो, नाही बसली तर बसून राहतो. त्याच्या स्टेजवरच्या टोप्या हा वेगळा विषय, त्यात पडत नाही.

शेवटची वर्षं गप्प का?

मानसिक आजार होता, वर्षानुवर्षं येऊन जाऊन, तेव्हा नीट निदान झालं नाही, औषधंही उलटसुलट. त्याच्या मुलाने याबद्दल मोकळेपणाने सांगितलंय. 1971-72 मधे गिलेस्पी, ड्रमर आर्ट ब्लेकी वगैरेंबरोबर 'जायंट्स ऑफ जॅझ' म्हणून जगभर दौरा, त्यातच नोव्हेंबर 1971 मधे लंडनला एका दिवसात सोलो आणि ट्रिओ रेकॉर्ड केलं, त्याच्या नावाचं स्टुडिओतलं शेवटचं काम. मग न्यू जर्सीत वीहॉकनला निकाच्या घरी राहिला. खोलीत पियानो होता, हात लावत नव्हता. याला रोमँटिक रंग देणारे लेख खूप सापडतील, माझ्या मते आजारी माणूस थकला होता, बस. पुलित्झरवाल्यांना विशेष सन्मान द्यायला 2006 उजाडलं.

अजून काही नवीन बाहेर येतंय का?

येतंय की. 1968 मधे कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या शाळेत 16 वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मंकला चक्क शाळेच्या हॉलमधे वाजवायला आणलं होतं, आणि शाळेच्या सफाई कामगाराने, मी पियानो ट्यून करून देतो पण मला रेकॉर्ड करू द्या, अशा बोलीवर ते टेप केलं. 2020 मधे आलं. राउझ आणि सगळी चौकडी अशी खुशीत आहे की कोलंबियाच्या स्टुडिओतल्या त्याच वर्षीच्या रेकॉर्डिंगपेक्षा हेच जास्त जिवंत वाटतं.

स्ट्रीमिंगवर एकेका ट्यूनची पन्नास व्हर्जन्स दिसतात, ओळखायचं कसं?

रिलीजचं साल बघू नका, ते हमखास फसवतं, 2019 असं लिहिलेलं असतं आणि आत 1952 चा माल असतो. सेशनची तारीख आणि सॅक्सवाला कोण ते बघा. राउझ असेल तर 1959 किंवा त्यानंतरचं, जॉनी ग्रिफिन असेल तर 1958 चं फाइव्ह स्पॉट, रोलिन्स असेल तर बहुतेक पन्नाशीच्या दशकातलं. 'बेस्ट ऑफ' छापाच्या स्वस्त अल्बम्समधे सगळी भेळ असते, टाळा.

मी पियानो शिकतोय/शिकतेय, मंक वाजवून बघू?

बघा, 'ब्लू मंक'ने सुरू करा, साधा ब्लूज आहे, चाल हाताखाली पटकन बसते. घाईने सोलो मारू नका, आधी नुसती चाल दहा-वीस वेळा, पाय जमिनीवर आपटत, मेट्रोनोम बंद. मंकचा आग्रहच असायचा की ड्रमर नसलात तरी ताल सांभाळायची जबाबदारी तुमचीच. डाव्या हाताच्या कॉर्डमधले सूर कमी करत जा, चारचे दोन करा. 'क्रेपुस्क्यूल विथ नेली' मात्र लगेच काढायला जाऊ नका, 1957 मधे नेली आजारी असताना लिहिलेली, यात सोलो नाहीच, लिहिलंय तेवढंच वाजवायचं, आणि तो स्वतः ती जवळजवळ सुरासकट तशीच वाजवायचा, फक्त सूर किती वेळ धरायचा ते दरवेळी वेगळं. ते धरणं जमायला वेळ लागतो.